संरक्षित क्षेत्र जंगलासाठी नेमके काय करते? सह्याद्रीच्या उदाहरणातून

एखादे जंगल अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले की तिथे नेमके काय बदलते, याची कल्पना बहुतेकांच्या मनात धूसर असते. राजपत्रात अधिसूचना निघते, नकाशावर एक रेषा उमटते, फाट्यावर वनविभागाची पाटी लागते; पण झाडे तीच असतात, डोंगर तोच असतो आणि प्राण्यांना तर आपण कुठल्या हद्दीत आहोत याचा पत्ताही नसतो. मग एका कागदामुळे जंगलातील जीवसृष्टी वाचते असे जे म्हटले जाते, ते कसे? याचे उत्तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या उदाहरणाने चांगले देता येते, कारण संरक्षणाने काय साधते आणि काय साधत नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच जागी पाहायला मिळतात.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या डोंगररांगेवर हा प्रकल्प पसरला आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. चांदोली त्याच वर्षी अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१० च्या जानेवारीत या दोहोंना जोडून व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्यात आला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ६०० चौरस किलोमीटर हा गाभा आहे. उरलेला भाग बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा असा पट्टा, जिथे गावे, शेती आणि गुरे असतात, मात्र जमिनीचा वापर बदलताना वन्यजीवांचाही विचार करावा लागतो. उत्तरेला कोयनेचा शिवसागर, दक्षिणेला वारणेचा वसंतसागर, पश्चिमेला कोकणात उतरणारे कडे आणि माथ्यावर जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा यांचे बुटके पण दाट सदाहरित रान, अशी इथली रचना आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या वन कायद्यातील राखीव वन हे बव्हंशी लाकडासाठी राखलेले असे. वनविभागच तिथे कूप, म्हणजे तोडीचे गट, आखून पाळीपाळीने तोड करी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने संरक्षित क्षेत्रापुरता हा हेतूच बदलला. अभयारण्यात वन्यजीवांच्या हिताचे असल्याखेरीज झाड तोडता येत नाही, वनोपज बाहेर नेता येत नाही, पाण्याचा प्रवाह वळवता येत नाही. गुरे चारण्यास मात्र परवानगीने वाव राहतो. राष्ट्रीय उद्यानात तोही नसतो आणि आतील जमिनीवरचे लोकांचे हक्क आधी निकाली काढावे लागतात. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव (सरकारी जमिनीवर) आणि सामुदायिक राखीव (गावाच्या किंवा खाजगी जमिनीवर) हे दोन सौम्य प्रकार आले, तर २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. हे सगळे प्रकार एकत्र धरले, तरी देशाच्या भूभागापैकी सुमारे पाच टक्केच जमीन त्यांखाली येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संरक्षणामुळे जंगलाला जे मिळते, त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ, असे मला वाटते. हे समजून घेण्यासाठी कोकणातील मालकी रानाशी तुलना उपयोगी पडते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बरीचशी झाडी खाजगी मालकीची आहे आणि ती जळाऊ लाकडासाठी व कोळशासाठी ठरावीक वर्षांनी तोडली जाते. तोडलेल्या खोडांना पुन्हा धुमारे फुटतात, काही पावसाळ्यांत डोंगर परत हिरवा होतो, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात हे रान व शेजारची न तोडलेली झाडी यांत फारसा फरक दिसत नाही. आत शिरल्यावर मात्र तो लगेच कळतो. तोडीच्या रानात मनगटाएवढे, मांडीएवढे, जवळपास एकाच वयाचे सोट उभे असतात. पडून कुजणारे ओंडके नसतात, मांडवासारख्या पसरलेल्या जुन्या महावेली नसतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाडांना ढोल्या नसतात.

ढोलीचे महत्त्व धनेशाच्या विणीवरून स्पष्ट होते. कोकणात अनेक ठिकाणी ज्याला गरुड म्हणतात, तो मोठा धनेश स्वतः लाकूड कोरू शकत नाही. त्याला जाड खोडात आपोआप तयार झालेली, मादी आत मावेल एवढी पोकळी लागते. बेहड्याची किंवा सातविणीची फांदी वादळात मोडते, त्या जखमेत बुरशी शिरते आणि वर्षानुवर्षे आतले लाकूड कुजत जाऊन अशी जागा बनते. विणीच्या हंगामात मादी त्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांचा गर लिंपून तोंड बंद करून घेते आणि चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर त्या फटीतून उंबर, वड, पिंपळ अशा झाडांची फळे भरवत राहतो. सोयीची ढोली सापडली की जोडी वर्षामागून वर्षे तिथेच परत येते, यावरून अशी जागा किती दुर्मीळ असते ते लक्षात यावे. व्यापारी वनव्यवस्थेच्या हिशेबात हेच झाड पोकळ, रोगट आणि म्हणून आधी तोडण्याजोगे ठरते. ते उभे राहू देणे, एवढी एकच गोष्ट अभयारण्याने केली तरी ती थोडी नाही.

या साखळीचा पुढचा दुवाही पाहण्याजोगा आहे. काळा धूप, रानजायफळ यांसारख्या सदाहरित रानातील झाडांच्या बिया मोठ्या असतात आणि बुलबुलासारख्या लहान पक्ष्यांना त्या गिळता येत नाहीत. धनेश ती फळे गिळतो, दूर उडत जातो आणि बिया भलत्याच ठिकाणी टाकतो. ढोल्या संपल्या की धनेश संपतो, धनेश संपला की या झाडांची रोपे आईच्या सावलीतच दाटीवाटीने उगवून तिथेच मरतात, आणि काही दशकांनी जंगल उभे असूनही त्यातून काही जाती हळूच गळालेल्या असतात. असे नुकसान वर्षा-दोन वर्षांच्या पाहणीत दिसत नाही. त्यामुळेच 'झाडे तर भरपूर आहेत, मग चिंता कसली' हा युक्तिवाद ऐकायला ठीक वाटला तरी फसवा आहे. जमिनीवर कुजणाऱ्या ओंडक्यांबाबतही हेच. बुरशी, भुंगेरे, गोगलगायी, पालापाचोळ्याच्या ओलीत जगणारे बेडूक आणि मातीखाली राहणारे, गांडुळासारखे दिसणारे पण उभयचर असलेले देवगांडूळ या सर्वांचा संसार त्या कचऱ्यावरच चालतो.

वेळ मात्र आपोआप मिळत नाही. तो रोज राखावा लागतो. संरक्षण म्हणजे बंदी अशी समजूत असली, तरी प्रत्यक्षात ती बरीचशी अंगमेहनत आहे. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवत वाळते आणि उन्हाळ्यापर्यंत एखाद्या ठिणगीची वाट पाहत उभे राहते. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले किंवा त्याच्या हलगर्जीपणाने लागलेले असतात: कोणी नवे गवत यावे म्हणून, कोणी शिकारीसाठी, कोणी विडीचे थोटूक टाकून. म्हणून उन्हाळ्याआधीच वनरक्षक आणि वनमजूर ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून जाळरेषा काढतात, म्हणजे पुढे आग लागली तरी ती त्या मोकळ्या पट्ट्यापाशी अडते. वाढलेले झाड सौम्य वणव्यातून तरून जाते. पण त्याच्या पायाशी उगवलेले वीतभर रोप जळते, आणि दरवर्षी आग लागत राहिली तर जंगलाची पुढची पिढीच उभी राहत नाही. गुरांच्या अति चराईचाही परिणाम असाच, फक्त सावकाश होतो. याखेरीज बीटनिहाय (प्रत्येक वनरक्षकाच्या नेमून दिलेल्या हद्दीत) पायी गस्त, फासकी शोधून काढणे, कॅमेरा ट्रॅप लावणे, घाणेरी आणि रानमोडी यांसारखी बाहेरून आलेली तणे उपटणे, आणि उठून गेलेल्या गावांच्या जुन्या शेतांत गवताची कुरणे राखणे, ही कामे बारमाही चालतात. शेवटचे काम पाहुण्याच्या नजरेत भरत नाही. पण गवे आणि सांबर उघड्या कुरणांवर येतात आणि त्यांच्यामागे रानकुत्री व बिबटे येतात, त्यामुळे प्रकल्पाचा बराच भार त्यावर असतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अभयारण्यातील जंगल बाहेरच्या जंगलापेक्षा बरे आहे, एवढ्यावरून संरक्षणाचा गुण सिद्ध होत नाही. संरक्षित क्षेत्रे बहुधा अशाच जागी आखली जातात, जिथे चढ तीव्र असतो, माती उथळ असते, रस्ते पोहोचलेले नसतात आणि नांगराला फारसा वाव नसतो. अशी जमीन अधिसूचनेशिवायही बरीच वर्षे जंगलाखाली राहिली असती. म्हणून आता तुलना करताना सारखीच उंची, सारखाच उतार, रस्त्यापासून सारखेच अंतर असलेल्या आतल्या आणि बाहेरच्या जागा निवडल्या जातात. अशा काटेकोर तुलनेतही संरक्षणाचा फायदा साधारणपणे दिसतो, फक्त तो ढोबळ तुलनेत भासतो त्याहून लहान असतो. कोयनेचा उंच, अवघड माथा राखणे आणि त्याखालची कोकणाकडची मऊ उताराची झाडी राखणे या दोन वेगवेगळ्या अडचणीच्या गोष्टी आहेत, आणि आपण आजवर सोपी तेवढी अधिक केली आहे.

दुसरी मर्यादा आकाराची. पनामा कालव्यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गातून नावाचा तलाव भरण्यात आला, तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहून त्याचे बारो कोलोराडो हे बेट बनले. सुमारे पंधरा चौरस किलोमीटरचे ते जंगल १९२३ पासून कसोशीने राखलेले आहे. तोड नाही, शेती नाही. तरीही तिथून जंगलातील अनेक पक्षी-जाती नाहीशा झाल्या. छोट्या तुकड्यात प्रत्येक जातीची संख्या मुळातच थोडी असते. एखादे वाईट वर्ष, एखादा रोग, आणि ती संपते. सलग जंगलात शेजारून नवे पक्षी येऊन ही पोकळी भरून काढतात, बेटावर ते येत नाहीत, कारण गर्द रानातील कितीतरी पक्षी उघडे पाणी ओलांडायला धजत नाहीत. चारी बाजूंनी ऊस, रस्ते आणि वस्ती असलेले अभयारण्यही याच अर्थाने बेट असते. ओडिशातील सिमिलिपालमध्ये काळसर पट्टे पसरलेले जे वाघ दिसतात, त्यांचे मूळही अशा एकटेपणात असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले आहे. बाहेरचे रक्त येत नसल्याने एरवी अत्यंत विरळ असलेले जनुकाचे एक रूप तिथे वारंवार प्रकट होऊ लागले.

म्हणून दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारा झाडीचा पट्टा, म्हणजे भ्रमणमार्ग किंवा कॉरिडॉर, हा आता क्षेत्राइतकाच महत्त्वाचा मानला जातो. सह्याद्रीत हे फार ठळकपणे दिसते. चांदोलीच्या दक्षिणेला राधानगरी, तिच्या खाली आंबोली, दोडामार्ग, तिल्लारी, मग गोव्याचे म्हादई आणि पुढे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प अशी ही साखळी आहे. यातील मधल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी राज्य सरकारने २०२० आणि २०२१ मध्ये तिल्लारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळा, विशाळगड अशी संवर्धन राखीवे घोषित केली. राधानगरीत २०२२ मध्ये कॅमेऱ्यात टिपलेला एक नर वाघ २०२३ च्या डिसेंबरात चांदोलीत दिसला. अंगावरच्या पट्ट्यांच्या ठेवणीवरून तो तोच असल्याची खात्री पटली. त्याने कापलेले अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. कॉरिडॉर ही कल्पना किती खरी आहे याचा हा सह्याद्रीतला चांगला पुरावा आहे. विदर्भातला पुरावा तर आणखी मोठा आहे. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला नर वाघ शेते, नाले, महामार्ग ओलांडत आणि तेलंगणात जाऊन परत येत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा तो १३०० किलोमीटरहून अधिक चालला होता.

तिथे त्याला मादी मात्र भेटली नाही, आणि नेमकी इथेच नुसत्या संरक्षणाची ताकद संपते. वाघाचे नर वयात आले की दूरवर भटकतात. माद्या बहुधा आईच्या प्रदेशाला लागूनच आपला प्रदेश मांडतात. त्यामुळे रिकाम्या जंगलात अधूनमधून नर येऊन जातात, पण तिथे बछडे जन्माला येत नाहीत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची स्थिती बराच काळ अशीच होती. घोषणेनंतर काही वर्षे वाघाचा पुरावा म्हणजे विष्ठा किंवा ठसे. २०१८ मध्ये छायाचित्र मिळाले. पुढे नर टिपले गेले, पण स्थिर प्रजा काही नव्हती. जंगल राखले गेले, सावज वाढावे म्हणून बाहेरून चितळ आणले गेले, तरी शेजारी वाघिणींचा भक्कम साठा नसल्याने माद्या येणार कुठून? अखेर ताडोबा आणि पेंच येथून तीन नर व पाच माद्या असे आठ वाघ आणण्यास केंद्राची मंजुरी मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातील पहिली वाघीण चांदोलीत आणण्यात आली. विदर्भाला वाघ देता आले, कारण तिथल्या संरक्षित क्षेत्रांत आणि त्यांच्या आसपासच्या वनांत ते वाढले होते: राज्यातील वाघांचा अंदाज २०१४ मध्ये १९० होता, तो २०२२ मध्ये ४४४ झाला.

वाघाभोवती एवढा मजकूर खर्च झाला, हेही या विषयाचे एक लक्षणच आहे. वाघाला मोठे, शांत, सावजाने भरलेले रान लागते, म्हणून वाघासाठी राखलेल्या रानात इतर हजारो जाती आपोआप सामावतात, हा तर्क बऱ्याच अंशी बरोबर आहे; पण सर्वांशाने नाही. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, एक लहानसा भेक राहतो, ज्याची नोंद जगात दुसरीकडे कुठेही नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला खडकावरच्या तळहाताएवढ्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. त्याला शेकडो चौरस किलोमीटर नकोत. त्याला तो सडा, ती डबकी आणि रात्री रस्त्यावरून भरधाव न जाणारी वाहने हवीत. त्याच आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात, शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदवली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती दोन हेक्टरांहून किंचित मोठी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. ज्याचे सगळे जग एका कुंडाएवढे आहे, त्याच्यासाठी संरक्षणही त्याच मापाचे बेतावे लागते. आपल्याकडे देवरायांनी हे काम कायद्याच्या कितीतरी आधीपासून केले आहे, आणि भीमाशंकरसारख्या ठिकाणी तर देवाचे रान आणि शेकरूचे अभयारण्य एकमेकांत मिसळलेले आहे.

संरक्षणाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. कोयनेच्या खोऱ्यात धरणाच्या पाण्यात शेती गेलेली काही कुटुंबे डोंगर चढून वर वसली आणि पुढे तीच अभयारण्याच्या हद्दीत सापडली. एका आयुष्यात दोनदा उठण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना जैवविविधतेचे महत्त्व पटवायला जाणे हा उद्धटपणाच ठरेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने निदान एवढे केले की हक्क निश्चित केल्याशिवाय आणि ग्रामसभेची संमती घेतल्याशिवाय लोकांना गाभ्यातून हलवता येत नाही. हा केवळ न्यायाचा प्रश्न आहे असेही नाही. तो संरक्षणाच्या यशाचाही आहे. म्हादई अभयारण्यात २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. त्याआधी वाघिणीने गुरे मारली होती. अधिसूचना १९९९ पासून लागू होती, पण गोठ्यातले जनावर गेल्यावर भरपाई वेळेवर, खात्रीने हातात पडेल असा भरवसा ज्या गावाला वाटत नाही, तिथे ती अधिसूचना वाघाला फारशी उपयोगी पडत नाही.

जगातील देशांनी २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे २०३० पर्यंत तीस टक्के भूभाग आणि समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट मान्य केले. आपले पाच टक्के पाहता, हा पल्ला सरकारी वनांच्या भोवती आणखी रेषा आखून गाठता येणार नाही. चांदोली आणि राधानगरी यांच्यामधला पट्टाच पाहा: त्यात राखीव वनाच्या तुकड्यांमधून मालकी जमीन आहे, बॉक्साइटच्या खाणी आहेत, घाटरस्ते आहेत. ताडोबाहून आलेल्या वाघिणींची पिल्ले उद्या दक्षिणेकडे निघाली, तर त्यांची वाट याच पट्ट्यातून जाणार आहे. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी मार्ग ठेवले गेले आणि कॅमेऱ्यांनी वाघांसह अनेक प्राणी त्यांतून जाताना टिपले, म्हणजे रस्त्याच्या अडचणीवर निदान तोडगा माहीत आहे. मालकी रानाचे काम अधिक नाजूक आहे. तिथे मालकाला तोडीचे पैसे सोडायला सांगायचे, तर त्या बदल्यात काहीतरी द्यावे लागते. न तोडलेल्या रानासाठी मालकाशी काही वर्षांचा करार करून त्याला मोबदला देण्याचे प्रयोग कोकणात संस्थांनी केले आहेत, आणि सामुदायिक राखीव ही तरतूद तर दोन दशकांपासून कायद्यात आहे.